सत्तावीस पावलं

माझ्या घरात मैल्याचा पाइप येणार नाही, हे मी जागा घ्यायच्या आधीच ठरवलं होतं. स्वयंपाकघर कुठं, खिडकी कुठं, दार कुठल्या अंगाला, ते सगळं नंतर. आधी हे.

लोक हसले. हसोत. चाळीस वर्षं नळकाम केलं आणि याच्याच घरात संडास नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं आमचे जावई म्हणाले. जावई ऑफिसात बसतात, पंख्याखाली. त्यांनी कधी दुसऱ्याच्या तुंबलेल्या भांड्यात खांद्यापर्यंत हात घातलेला नाही. मी घातलाय, आणि एकदा-दोनदा नाही. केसांचे गुंते काढलेत, बाळांचे लंगोट काढलेत, एकदा तर दातांची कवळी काढली. कवळीचा मालक शेजारीच उभा होता. त्यानं ती नळाखाली धरली, दोनदा झटकली आणि माझ्यासमोर तोंडात घातली. वर म्हणतो कसा, बरी बसतेय. आठवलं की अजून घास उतरत नाही.

आणि ती घरातली माणसं. घाण त्यांची, पण नाकाला रुमाल लावून माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच ती घरून पिशवीत घालून आणलीय. काम झालं की चहा द्यायची, तो कान तुटलेल्या कपात, तोही हातात नाही, पायरीवर ठेवून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माणसाची जातच. मोठ्या बंगल्यातली तर जास्त. खाली चेंबर उघडं पडलेलं आणि वर ही अत्तर फवारत फिरतायत. मला वीट आला होता माणसांचा. एक सांगतो, चाळीस वर्षांत मला एकदाही उलटी झाली नाही. ते त्यांचं होतं. मी तिथंच ठेवून घरी यायचो.

आमचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. संडास जिन्याखाली, चार बिऱ्हाडांत एक. बायको कुरकुरायची, पण मला ते पसंत होतं. घाण घराबाहेर, घरात फक्त माणसं. म्हातारपणी शहराबाहेर जमिनीचा तुकडा घेतला, तेव्हा मनात एकच होतं. आता तरी एक घर असं बांधायचं की ज्याच्या भिंतीत, फरशीखाली, छतात कुठंही काही वाहत नाही. स्वच्छ. मरेपर्यंत स्वच्छ.

घराचा आराखडा मी स्वतः काढला. नळाच्या तोट्यांची जी पुठ्ठ्याची खोकी येतात ना, त्यांच्या आतल्या बाजूवर. शिकलेला नाही मी, पण चाळीस वर्षं लोकांची घरं आतून बघितलीत. कुठं काय चुकतं ते मला ठाऊक. एक मोठी खोली, तिच्यातच पलंग. शेजारी स्वयंपाकघर. पुढं पडवी. उंबरा कुठंच नाही, पायरी कुठंच नाही, कारण हिचे गुडघे गेलेले. दारं रुंद. पलंगावर पडल्या पडल्या रस्ता दिसेल एवढ्या उंचीवर खिडकी. हिला मी भिंतीशी उभी केली, हात वर करायला लावला आणि खडूनं खूण केली, की फळी यापेक्षा वर जाणार नाही. मग वाकायला लावलं आणि गुडघा कुरकुरला तिथं खाली दुसरी खूण केली. ती हसायला लागली. म्हणाली, माप घेऊन शिवताय का घर? म्हटलं, तसंच समज. साठी उलटल्यावर घर अंगाबरोबर बसलं पाहिजे.

आणि संडास? तो मी टाळला नव्हता. उलट सगळ्यात जास्त डोकं त्याच्यावरच चालवलं. वर्षभर त्या मोकळ्या जागेवर चार काठ्या रोवून त्यांना चिंध्या बांधल्या आणि वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो ते बघितलं. रविवारी जायचो, चिंध्या बघायचो, पुठ्ठ्यावर बाण काढायचो. शेवटी जागा सापडली. घरापासून सत्तावीस पावलं, मागच्या कोपऱ्यात. बाराही महिने वास घराकडे येणार नाही. मी तो असा बांधणार होतो की बंगलेवाल्यांनी बघत राहावं. चांगल्यातली फरशी, हिच्या गुडघ्याच्या मापानं उंच बैठक, दोन्ही हाताला दांडे, आणि तिथपर्यंत सिमेंटचा रस्ता, वर पत्रा, बाजूनं धरायला कठडा.

ही एकदाच बोलली. पुठ्ठा हातात घेतला, घरापासून कोपऱ्यापर्यंत बोट नेलं आणि विचारलं, "एवढं लांब?" मी वाऱ्याचं समजावून सांगितलं. पत्र्याचं सांगितलं, कठड्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. ती बरं म्हणाली की विषय मिटला, असंच मी कायम धरून चाललोय. बरं म्हणजे काय, हे लग्नाला एवढी वर्षं होऊन मी तिला कधी विचारलं नाही.

बांधकामाला माझा जुना दोस्त आला, गवंडी. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण तो उभाही तसाच राहतो आणि बोलतोही तसंच, सरळ खाली. त्यानं आराखडा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, हे घर आहे की देवघर. मी म्हटलं, तू विटा लाव. पाया भरायच्या दिवशी त्यानं परत घोडं अडवलं. म्हणाला, जोत्यातून एक रिकामा पाइप टाकून ठेवतो, दोन्ही तोंडं बंद करून. उद्या लागला तर फोडाफोडी नको. आपलं वय काय, वहिनींचं वय काय. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही.

मी त्याला सांगितलं, माझ्या जोत्यात तुझा पाइप दिसला तर तुझाच हात घालून काढायला लावीन. रिकामा पाइप कधी रिकामा राहत नाही, हे मला शिकवू नकोस. तो विटांकडे वळला. दुपारी मात्र त्यानं माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

घर झालं. मला आजही वाटतं की ते सुंदर झालं. लादी अशी घोटून घेतली होती की भाताचं शीत पडलं तर लांबून दिसावं. आत आलं की चुन्याचा आणि लाकडाचा वास, दुसरा कसला म्हणून नाही. मी पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून नुसता बसलो. ही फळ्यांवर डबे लावत होती, आणि प्रत्येक फळीला तिचा हात पुरत होता.

लेक आणि जावई आठवड्यानं आले. जावईबापू मागच्या कोपऱ्यात जाऊन आले आणि म्हणाले, पुढच्या वेळी शिदोरी बांधून द्या, प्रवास मोठा आहे. मी हसलो नाही. लेक तर कडाडून भांडली. आईला रोज तिथं चालवणार का, पडली म्हणजे, रस्ता निसरडा झाला म्हणजे. मी तिला कठडा दाखवला. ती म्हणाली, बाबा, तुमची सत्तावीस पावलं आहेत. आईची किती आहेत, मोजलीत? मी मोजली नव्हती. हिनंच मधे पडून सांगितलं, त्रेचाळीस. जाताना. येताना थोडी जास्त. आणि मग म्हणाली, चालणं चांगलंच असतं, डॉक्टरही म्हणतात. लेकीनं विषय सोडला, पण ती जेवताना माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हल्लीच्या पोरींना सगळं हाताशी लागतं. उशाशी संडास घेऊन झोपतात आणि त्याला सुधारणा म्हणतात.

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी घरात वास आला.

तुमच्या नाकाला तो आला नसता. माझं नाक निराळं आहे. कुठल्या मजल्यावर गळती आहे ते मी जिन्यात उभा राहून सांगायचो. ही बाहेर पडवीच्या तुळईला दोरी बांधून कपडे वाळत घालत होती. मी खोलीत एकेक पाऊल टाकत, वास घेत फिरलो. खिडकीपाशी नाही. स्वयंपाकघरात नाही. पलंगाशी गेलो, खाली वाकलो. भिंतीला अगदी चिकटून रंगाचा एक रिकामा डबा होता, वर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर वीट. घराच्याच रंगाचा डबा, मीच आणलेला. उघडायची गरज नव्हती, तरी मी उघडला.

तो डबा हातभर लांब धरून मी बाहेर आलो. दुसऱ्या हातानं नाक दाबलेलं. हिनं मला बघितलं आणि तिच्या हातातला कपडा तसाच राहिला. आणि मी म्हणालो, "शी."

एवढंच नाही म्हणालो. बरंच बोललो. एवढा रस्ता बांधला, पत्रा घातला, कठडा केला, तो काय शोभेला? ज्या पलंगावर झोपतो त्याच्याखाली हे? मी आयुष्यभर लोकांचं उपसलं ते यासाठी? माझ्या तोंडाला ताळतंत्र राहिलं नव्हतं. ती पुढं आली, माझ्या हातातून डबा घेतला, कठड्याला धरून तिची ती त्रेचाळीस पावलं गेली, डबा धुतला आणि तिथंच उपडा ठेवून आली. मी तोवर फिनेलनं लादी तीनदा पुसली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट दुपारी छान झोप लागली.

त्यानंतर वास कधी आला नाही. मी मनात म्हटलं, कानाला खडा लावला बाईनं. बरं झालं.

तिचे ओठ फुटायला लागले तेव्हा ती म्हणाली, हवा कोरडी आहे. चहा अर्धा टाकायला लागली तेव्हा म्हणाली, चव गेली. दुपारनंतर ती काही पीत नाही हे मी बघत होतो, पण बघणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. मग दोन-तीन दिवस कणकण. मी म्हटलं, पडून राहा. चौथ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला ती मागच्या रस्त्यावर खाली बसली ती उठेना. कठड्याला हात तसाच धरलेला. अंग भाजत होतं आणि मला म्हणते, झालंय का स्वयंपाकाला उशीर. मी ओळंब्याला फोन केला, तो वाळूची गाडी घेऊन आला आणि तिच्यातून आम्ही तिला नेली.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, लेकीपेक्षा लहान असेल. तिनं तपासलं आणि मला विचारलं, आजी दिवसाला पाणी किती पितात. मी म्हटलं, पिते की. सगळी पितात तेवढं. तेव्हा पलंगावरून ही हळूच म्हणाली, दोन पेले. डॉक्टरीण म्हणाली, एका वेळी? ही म्हणाली, नाही, दिवसाला. डॉक्टरणीनं का म्हणून विचारलं. हिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. लघवीत जंतू झाले, ते वर चढत मूत्रपिंडापर्यंत गेले, आणखी दोन दिवस घरी ठेवलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टरणीनं मला बाहेर बोलावून सांगितलं.

लेक धावत आली. तिला सगळं माहीत होतं, आईनं फोनवर सांगितलेलं आणि शपथ घातलेली. आज तिनं शपथ मोडली. दवाखान्याच्या बोळात, येणारे-जाणारे बघतायत, त्यांच्यासमोर म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला शी म्हणालात. त्या दिवसापासून तिनं पाणी सोडलं. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, म्हणून. तुमचं नाक एवढं तेज, आणि घरात माणूस वाळत चाललंय ते कळलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगून काय केलं असतंत, रस्त्यावर आणखी एक पत्रा घातला असतात.

मी आत जाऊन बसलो. हिला नळी लावलेली होती. बारीक नळी, पलंगावरून खाली उतार देऊन पिशवीत सोडलेली. पिशवीत काळ्या चहाच्या रंगाचं काहीतरी जमत होतं. माझी नजर आपोआप जोडावर गेली, काम व्यवस्थित होतं. थोड्या वेळानं एक नर्स आली, पिशवीखाली भांडं धरलं, तोटी सोडली, रिकामं केलं, किती भरलं ते लिहिलं. सगळा वेळ ती हिला विचारत होती की उशी नीट आहे ना, नात किती वर्षांची. तोंडावर काही नाही. नाक मुरडलं नाही आणि मुद्दाम गोडही झाली नाही. मी बघतच राहिलो. असा चेहरा मला चाळीस वर्षांत एकाही घरात दिसला नव्हता.

हिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा हो. वास येतो इथं."

ते ऐकलं आणि मला माझे कपडे आठवले. कामावरून यायचो ते कपडे. जिन्याखालच्या नळावर अंग धुऊन वर जायचो आणि ते कपडे दाराबाहेरच्या बादलीत टाकायचो. त्यात काय काय असायचं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायचे असाल. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले. चाळीस वर्षं. आठवड्यात सहा दिवस. ती बादली कोण उपसत होतं, हाताला काय लागत होतं, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मला वाटायचं, मी घाण बाहेर ठेवून घरी येतो. कुठली बाहेर? हिच्या हातावर ठेवून येत होतो. आणि तिनं मला कधी शी म्हटलं नाही. मला माझीच किळस आली. खरंच आली, अंगावर शहारा आला. मी त्या बंगलेवाल्यांना शिव्या घालत जन्म काढला, आणि माझ्या अंगणात नाक दाबून उभा राहिलेला मी त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हतो.

घरी सोडायच्या दिवशी ही म्हणाली की ती लेकीकडे जाणार. मी म्हटलं, किती दिवस. तिनं पिशवी भरता भरता सांगितलं, "ते घर तुमच्या एकट्यापुरतं आहे. तिथं पोट बाहेर ठेवून आत यावं लागतं. मला नाही जमत ते या वयात." रागानं नाही म्हणाली. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाली.

मी ओळंब्याकडे गेलो. तो पहार घेऊनच निघाला, काही विचारलं नाही. बघ मी सांगत होतो, असंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसता शीळ घालत फोडत होता आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. पलंगाच्या उजव्या अंगाला कोपरा घेतला. घोटलेली लादी फोडली, जोतं फोडलं. नळकाम मी माझ्या हातानं केलं. ज्या खिडकीतून रस्ता दिसतो तिच्याच खाली चेंबर आलं, दुसरीकडे उतार मिळेना. प्रत्येक जोड बसवताना मला मळमळत होतं, कारण पुढं त्यातून काय जाणार ते डोळ्यांपुढं दिसत होतं. पण बसवला. बैठक मोजून केली, दांडे लावले, आणि पलंगापासून हिच्या मापाची चार पावलं होतील एवढंच अंतर ठेवलं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई फक्त बघायला येईल, राहायचं नंतर ठरवू. आई म्हणतेय की प्रश्न पाइपाचा नाहीच. मी विचारलं, मग कशाचा. लेक म्हणाली, ते तीच सांगेल.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. गाडीतून उतरताना हिला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. निम्मी झाली होती. जंतूंवरच्या औषधांनी पोट पार बिघडलेलं, लेक सांगत होती की सकाळपासून काही खाल्लं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, वाटेत लागली तर काय या धास्तीनं. मी लगेच पुढं झालो. मला दाखवायची घाई. दार दाखवलं, दांडे दाखवले, चार पावलं, मोजून बघ, म्हटलं. दोन तासांचा धक्क्यांचा प्रवास झालेली बाई, आणि मी तिला फरशीचा रंग दाखवतोय.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. कोपऱ्याकडे बघितलं. म्हणाली, छान केलंय. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण उद्या मला ही चारही जमली नाहीत, तर?"

खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. मग ती दाराकडे वळली, की कोपऱ्याकडे, ते सांगता येत नाही, कारण तिनं दोन पावलं टाकली आणि तिथंच थांबली. पोटावर हात धरला. मला आधी वास आला आणि मग दिसलं. कपड्यांतून, पायांवरून, माझ्या घोटलेल्या लादीवर. पातळ, आणि बरंच.

लेक फडकी शोधायला धावली. ही हलली नाही. खाली बघितलं नाही, कपडे सावरले नाहीत. ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. त्या नर्सचा चेहरा आठवला. नाही जमला. माझं तोंड जे व्हायचं ते झालंच असणार. पण पाय मागे गेले नाहीत, एवढं खरं. बादली घेतली, पाणी घेतलं, फडकं घेतलं आणि तिच्यासमोर खाली बसलो. लेक म्हणाली, बाबा, व्हा बाजूला, मी करते. मी तिला म्हटलं, तू थांब तिथंच.

पहिला पाय निम्मा पुसून झाला आणि पोटातून एकदम वर आलं. दारापर्यंत पोचलो आणि पडवीत भडाभडा उलटी झाली. चाळीस वर्षांत पहिली. तोंडावर पाणी मारलं, परत आलो, परत बसलो. परत उमासा आला, तो गिळला.

"अहो, असू द्या," ती म्हणाली. "सोसत नाही तुम्हाला."

"नाही सोसत," मी म्हटलं. "किळस येते मला. उद्याही येईल. तू दुसरा पाय उचल."

ती एका पायावर उभी राहीना, तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. मी पाय पुसला, घोटे पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या. पाणी बदललं, परत पुसलं. पुसताना नाकातून श्वास घेतला आणि घेतच राहिलो. मघाशी तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर मला अजूनही शब्दांत देता आलं नसतं. ती वरून बघत होती. मी पडवीत उलटी कुठं केली, तो कोपरा कोण पुसणार, असं तिनं मधेच विचारलं. मी म्हटलं, तोही मीच.

मग तिनं लेकीकडे बघितलं आणि पाणी मागितलं. माझे हात तसलेच होते, म्हणून पेला लेकीनं धरला. तिनं तो उभ्या उभ्या, एका दमात रिकामा केला आणि आणखी एक मागितला.